डोक्यातल्या खवड्यांमागे काय काय असू शकते

डोक्यात फोड आले, त्यांवर खपली धरली, ती नखाने निघाली आणि पुन्हा धरली, की आपल्याकडे त्याला सरसकट ‘खवडे’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण त्याने एक घोटाळाही करून ठेवला आहे. उवांच्या खाजेने ओरबाडलेली कातडी, बुरशीने पोखरलेला केसांचा चट्टा, कलप न मानवल्याने पाझरणारी लस, पुवाने ठणकणारे केसतूड आणि क्वचित प्रसंगी त्वचेच्या कर्करोगाची सुरुवातसुद्धा त्या एकाच नावाखाली खपून जाते. नाव एक म्हणून उपायही एकच होतो. आधी खोबरेलात कापूर घालून लावायचा, मग कडुनिंबाच्या पाल्याने डोके धुवायचे आणि तेवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले एखादे मलम चोपडायचे. यातला एका आजारात चालून जाणारा उपाय दुसऱ्या आजारात चांगलाच भोवतो. म्हणून जखम कशी दिसते याच्याइतकेच ती होण्याआधी काय होत होते हे आठवून पाहणे महत्त्वाचे आहे. आधी खाज सुटली होती, की आधी दुखू लागले होते, की दोन्ही नसताना जखम नुसतीच दिसू लागली? डॉक्टरांच्या बऱ्याचशा प्रश्नांचा रोख इथेच असतो आणि या लेखाचाही तोच आहे.

आजारांकडे वळण्यापूर्वी डोक्याच्या त्वचेविषयी थोडे सांगायला हवे. तिथे केसांची सुमारे एक लाख मुळे असतात, प्रत्येक मुळाशी तेल सोडणारी ग्रंथी असते, घामाच्या ग्रंथीही दाटीने असतात आणि रक्ताचा पुरवठा एवढा असतो की लहानशा जखमेतूनही भळभळ रक्त येते. यात किनारपट्टीची हवा मिळवावी. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत दोरीवरचा टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही, तिथे कमरेपर्यंतचे केस वाळायला किती वेळ लागत असेल हे सांगायला नको. सकाळी न्हाऊन ओले केस तसेच बांधून कामावर गेलेल्या बाईच्या अंबाड्याच्या आत संध्याकाळपर्यंत ऊब आणि ओल दोन्ही टिकून राहतात, आणि जंतूंना व बुरशीला नेमके तेच हवे असते.

खाजेपासून सुरू होणाऱ्या आजारांत मुलांपुरता पहिला मान उवांचा. तिळाएवढी ही कीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत दुसऱ्या डोक्यात जाते. खाज सुटते ती उवेच्या लाळेच्या ॲलर्जीमुळे, आणि पहिल्याच खेपेला ही ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे मूल डोके खाजवू लागल्यावर ‘काल शाळेतून उवा आल्या’ असे जे आपण म्हणतो, ते बहुधा चूक असते. उवा महिनाभर मुक्कामाला असतात. मग नखे लागतात, नखांतले जंतू जखमेत जातात आणि मानेवर केस संपतात तिथे आणि कानांच्या मागे मधाच्या रंगाच्या चिकट खपल्या धरतात. याच जोडीला मानेच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात, ज्यांनी आयांची झोप उडते. जखमेतल्या जंतूंना अडवण्यासाठी सुजलेल्या या गाठी बहुतेकदा जखम बरी झाल्यावर काही आठवड्यांत ओसरतात.

मुलाला ओटीच्या पायरीवर, भरपूर उजेडात बसवून, ओल्या केसांना थोडे तेल किंवा कंडिशनर लावून, पांढऱ्या फडक्यावर झाडत बारीक दातांची फणी फिरवावी. कोंडा बोट लावताच घसरतो. लीख मात्र केसाला डिंकाने डकवल्यासारखी बसलेली असते आणि ओढावी लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे मुळापासून दीड-दोन सेंटिमीटर वर गेलेल्या लिखा बहुधा फुटून गेलेल्या किंवा मेलेल्या असतात. परमेथ्रिन १ टक्का हे औषध नुकत्याच धुऊन टिपलेल्या केसांना दहा मिनिटे लावून धुवावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावावे. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात आणि त्यांतून निघालेल्या उवांसाठी हा दुसरा हात लागतोच. तो न झाल्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ असा बोभाटा होतो. रॉकेल, गुरांच्या गोचिडांचे औषध, झुरळांचा खडू यांपैकी काहीही डोक्याला लावू नये. खरचटलेल्या त्वचेतून विष अंगात भिनते, आणि रॉकेल लावलेले डोके चुलीजवळ गेले तर काय होईल हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

खाजेचे दुसरे मोठे कारण म्हणजे केसांतला गजकर्ण. अंगावरचा नायटा मोठ्यांनाही होतो, परंतु डोक्यातला बहुतांशी वयात न आलेल्या मुलांचा आजार आहे. बुरशी थेट केसाच्या दांड्यात शिरते, केस मुळाशी मोडतो, आणि गोल चट्ट्यात काळे ठिपके किंवा राखाडी कोंडा दिसू लागतो. चाई पडल्यावर होणारा चट्टा गुळगुळीत असतो, त्यावर कोंडा नसतो. हा फरक घरच्या माणसालाही दिसू शकतो. ही बुरशी एकाच्या फणीवरून, टोपीवरून किंवा केस कापण्याच्या मशीनवरून दुसऱ्याकडे जाते, आणि घरातले मांजर किंवा गोठ्यातले वासरूही ती देऊ शकते. वासराच्या डोळ्यांभोवती केस गेलेले, राख फासल्यासारखे गोल चट्टे असतील तर त्याच्या गळ्यात पडणाऱ्या मुलाच्या डोक्याकडेही एकदा पाहावे.

याच बुरशीवर काही मुलांचे शरीर फार जोराने तुटून पडते. तेव्हा डोक्यावर पिचपिचीत, पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखी मऊ सूज येते, तिच्या अनेक छिद्रांतून पू येतो आणि केस धरले की विनासायास हातात येतात. माझ्या पाहण्यात आलेल्या एका सात वर्षांच्या मुलाचे असेच झाले होते. घरच्यांनी ते गळू समजून आधी पोटीस बांधले, मग एका दवाखान्यात त्याला चीर दिली गेली. पू फारसा निघालाच नाही, आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स होऊनही सूज तशीच. शेवटी कोणीतरी चार केस उपटून तपासायला पाठवले तेव्हा त्यांत बुरशी दिसली. बुरशीनाशक गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सूज बसली, पण चिरेच्या जागी रुपयाएवढा बिनकेसांचा वण कायम राहिला. असा वण बुरशीने स्वतःहूनही राहू शकतो, म्हणूनच निदानाला उशीर होता कामा नये.

मलम इथे पुरे पडत नाही, कारण बुरशी त्वचेच्या वरच नसून केसाच्या आत असते आणि मलम तिथवर पोहोचत नाही. ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन यांसारखे औषध पोटातून, वजनाच्या हिशेबाने, चार ते आठ आठवडे आणि कधी त्याहून अधिक काळ घ्यावे लागते. ग्रिसिओफुल्विन दुधाबरोबर किंवा तुपाच्या जेवणाबरोबर घेतले तर अंगी चांगले लागते. मुंडण करण्याची गरज नसते. बुरशी, जंतू आणि खाज या तिघांवर एकदम चालते म्हणून विकली जाणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमे मात्र खरोखर घातक आहेत. लाली आणि खाज दोन दिवसांत पळते, माणूस खूश होतो आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते. स्टेरॉइड असलेली अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला आहे. नियम झाला तरी सवय गेली नाही, हे कोणत्याही बाजारपेठेत उभे राहिले तर दिसते.

कोंडा आणि त्याचा दांडगा भाऊ, म्हणजे पिवळसर, तेलकट पापुद्र्यांचा त्वचादाह, हा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीशी जोडलेला आहे. ही बुरशी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते. इथे कोकणी माणसाला एक कटू गोष्ट सांगावी लागते. खोबरेल केसांच्या दांड्याला चांगले, याविषयी वाद नाही. पण तेलकट कोंड्याने लाल झालेल्या त्वचेवर रात्रभर तेल थापणे म्हणजे त्या बुरशीला पंगतीला बसवणे होय. कोंड्याच्या काळात तेल लावायचेच तर न्हाण्याआधी थोडा वेळ, खपल्या मऊ करण्यापुरते लावावे. मग कीटोकोनॅझोलयुक्त शांपूने, तो पाचेक मिनिटे त्वचेवर राहू देऊन, डोके धुवावे. तान्ह्या मुलांच्या टाळूवर धरणारी पिवळी, मेणचट खपली याच जातीची आणि बहुधा निरुपद्रवी असते. टाळू भरण्याच्या प्रथेमुळे तिच्यावर तेलाचे थरावर थर चढतात आणि ते धुऊन काढायला कोणी धजत नाही. साध्या तेलाने ती मऊ करून, मऊ ब्रशने हलके सोडवून धुवावी. कापूर घातलेले तेल मात्र तान्ह्या मुलाला मुळीच लावू नये; कापूर त्वचेतून शोषला जातो आणि त्याने लहान मुलांना झटके येऊ शकतात.

सोरायसिसचे पापुद्रे जाड, कोरडे, चंदेरी असतात आणि केसांची हद्द ओलांडून कपाळावर उतरतात. कोपर आणि गुडघेही पाहावेत. पापुद्रा उपटला की खाली रक्ताचे टिपके दिसतात. हा आजार संसर्गजन्य नाही, त्यामुळे माणसाची फणी वेगळी ठेवण्यापलीकडे जाऊन त्यालाच वेगळे बसवण्याचे कारण नाही.

यानंतरचा प्रकार किनारपट्टीवर फार पाहायला मिळतो: बाहेरून लागलेल्या पदार्थाने त्वचा पेटणे. गणपतीच्या आधी घराला रंग लागतो तसा अनेकांच्या केसांनाही लागतो, आणि चतुर्थीच्या दिवशी डोळे सुजलेले, कानांतून लस गळणारे काका आरतीला उभे असतात. काळ्या कलपातले पीपीडी हे रसायन याचे नेहमीचे कारण आहे; ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीतही ते असू शकते. गंमत अशी, की डोक्याची त्वचा जाड असल्याने तिथे कमी आणि कपाळ, पापण्या, कान, मान इथे जास्त त्रास दिसतो, म्हणून लोक कलपाला दोष न देता डोळे आले असे समजतात. त्रास लगेच न होता एक ते तीन दिवसांनी होतो, हेही फसवणारे आहे. पंधरा वर्षे मानवलेला कलप सोळाव्या वर्षी न मानवणे शक्य आहे, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती बहुधा जन्मभर राहते. पाकिटावर लिहिलेली चाचणी, म्हणजे कानामागे ठिपकाभर कलप लावून ४८ तास वाट पाहणे, कोणी करत नाही. ती करण्यासारखी आहे.

दुसरा पदार्थ म्हणजे आंब्याचा चीक. हापूस उतरवताना देठ मोडला की चीक जोराने उडतो, आणि वर पाहत घळ किंवा झेला चालवणाऱ्या माणसाच्या कपाळावर आणि केसांत येऊन पडतो. दुसऱ्या दिवशी तिथे जळल्यासारखा काळपट, फोड आलेला डाग असतो. काजूच्या टरफलातले तेल त्याहून जहाल असते. काजू फोडणारी बाई हातांना एरंडेल किंवा राख लावून बसते, पण घाम आला की तोच हात पदराखाली डोक्याला जातो. बिब्बा उततो हे तर म्हातारी माणसे जाणतातच. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच वनस्पतिकुळातले आहेत आणि त्यांच्यातली दाह करणारी द्रव्येही एकमेकांच्या नात्यातली आहेत, त्यामुळे एकाने उतणाऱ्या माणसाला दुसऱ्यानेही त्रास होऊ शकतो. चीक लागताच भरपूर पाणी आणि साबणाने डोके धुवावे. घरी जाईपर्यंत थांबू नये.

खाज फारशी नसून आधी ठणका लागला असेल, तर दिशा बदलते. केसाच्या मुळाशी पुवाची बारीक पुळी, तिच्या मधून निघालेला एक केस आणि भोवती लाल कडे, असे दिसले तर ती मुळाची जंतुबाधा होय, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जंतूची. तीच खोल गेली की केसतूड. घाम, घासले जाणे आणि कोंदटपणा ही तिची तीन निमित्ते. माशांची पाटी वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ हे याचे ठळक उदाहरण आहे: बर्फाचे आणि माशांचे खारट पाणी पाटीतून झिरपून कापडाच्या त्या वेटोळ्यात मुरते, वर पाटीचे ओझे असते, आणि चुंबळ दुसऱ्या दिवशी तशीच ओली डोक्यावर चढते. दोन चुंबळी ठेवून आलटून पालटून धुऊन उन्हात वाळवणे हा यावरचा बिनखर्चाचा आणि औषधाइतकाच गुणाचा उपाय आहे. हेल्मेटच्या आतल्या अस्तरालाही हेच लागू आहे. न्हाव्याकडे मुंडण किंवा जावळ करताना पाते नवे आहे ना, हे विचारायला संकोचू नये.

केसतूड पिळू नये. डोक्याच्या त्वचेखालच्या काही शिरा कवटीतल्या छिद्रांतून थेट आतल्या रक्तवाहिन्यांना मिळतात, आणि दाबलेला पू क्वचित त्या वाटेने आत जाऊ शकतो. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा शेक दिवसातून तीन-चारदा द्यावा. ताप आला, सूज पसरू लागली किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. अशी गळवे पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेह असल्याचे पहिल्यांदा गळवांवरूनच कळले, अशी माणसे थोडी नाहीत.

ठणका किंवा आग डोक्याच्या आणि कपाळाच्या एकाच बाजूला असेल, दोन-तीन दिवसांनी त्या जागी घोसाने पाण्याचे फोड आले आणि ते मधल्या रेषेपाशी थांबले, तर ती नागीण असते. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो आणि तो पुन्हा जागा होतो. नागिणीची दोन तोंडे मिळाली की माणूस दगावतो या समजुतीला कसलाही आधार नाही. खरी भीती डोळ्याची असते. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड दिसला तर त्याच नसेची फांदी डोळ्यालाही जात असल्याने डोळ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात, आणि नेमके हेच तीन दिवस नागीण उतरवणाऱ्याच्या दारात जातात.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कानशिलाजवळ नवीच डोकेदुखी, फणी फिरवली तरी दुखणारे डोके आणि चावताना जबडा भरून येणे, असे एकदम होऊ लागले तर तो धमन्यांचा दाह असू शकतो. आपल्याकडे तो विरळा आहे, परंतु त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून उशीर करू नये.

आता राहिल्या त्या जखमा, ज्या खाजतही नाहीत आणि फारशा दुखतही नाहीत. टक्कल पडलेल्या, सारे आयुष्य होडीवर किंवा शेतात उघड्या डोक्याने काढलेल्या माणसाच्या माथ्यावर खरखरीत चट्टा येतो, त्यावर खपली धरते, ती टोपीला लागून निघते, थोडे रक्त येते आणि पुन्हा धरते. गोऱ्या त्वचेच्या लोकांच्या मानाने आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी आढळतो, पण आढळतोच, आणि जुन्या भाजल्याच्या वणात उठलेली जखमही त्याचीच असू शकते. चार आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायला द्यावा. जागा बधिर करून काही मिनिटांत हे होते. ‘लोखंड लागले की आजार पसरतो’ म्हणून टाळाटाळ करणारे नातेवाईक भेटतात. तुकडा काढल्याने तो पसरत नाही. वाट पाहण्यात मात्र तो वाढतो.

डोक्यात न भरणाऱ्या, ओल्या जखमा आणि तोंडात महिनोन्‌महिने फोड, ही जोडी विशेष लक्षात ठेवावी. पेम्फिगस नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेच्या पेशींना जोडणारा सांधा तोडते. माणूस तोंड आले म्हणून बी-कॉम्प्लेक्स खात राहतो आणि डोक्यात खवडे झाले म्हणून तेल लावत राहतो, आणि दोन्ही तक्रारी एकच आहेत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याचप्रमाणे मधोमध पांढुरका, कडेने काळपट, केस कायमचे गेलेला चट्टा आणि कानाच्या पाळीतही तसेच डाग असले तर ते ल्युपसचे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याच्या अशाच दुसऱ्या आजाराचे, असू शकतात. तिथे गेलेले केस परत येत नाहीत, राहिलेले वाचवता येतात.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा भान हरपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या जखमेवर माश्या बसून अळ्या पडल्या, तर घरी फिनाइल ओतू नये. रुग्णालयात टर्पेंटाइनचा बोळा ठेवून त्या बाहेर काढल्या जातात, पुढचे मलमपट्टीचे कामही तिथेच होते.

तपासणीला जाताना आदल्या रात्री तेल, हळद, पाल्याचा लेप यांपैकी काही लावू नये आणि खपल्या काढून जागा ‘स्वच्छ’ करू नये. त्या खपलीत आणि मोडक्या केसांतच निदान असते. घरात आणखी कोणाला खाज आहे का, गोठ्यातल्या गुराला किंवा मांजराला चट्टे आहेत का, कलप कधी लावला होता, हे आधीच आठवून ठेवावे. आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब आणि कलपाचे पाकीट, रिकामे असले तरी, पिशवीत टाकून बरोबर न्यावे.